दाताएवढं भोक

चिमणीला चिमणी म्हणायला लागले ते ती जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून. पुढे ती ताडासारखी वाढली, दारातून आत शिरताना मान तुकवायची वेळ आली, तरी नाव काही बदललं नाही. लग्न होऊन आली त्या दिवशी सासऱ्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मुलाच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही चिमणी, तर यांच्याकडची घार केवढी असेल रे?" नवी नवरी असूनही तिला हसू फुटलं. तेव्हापासून दोघांचं जमलं ते जमलंच.

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती आणि त्यातच गुडघेही गेले होते. नवरा जहाजावर. घरी यायचा तो पाहुण्यासारखा आणि निघायचा तोही पाहुण्यासारखा. सासूबाई गेल्यावर घरात उरली ही दोघंच. आणि बोचक्या.

बोचक्या आप्पांना त्यांच्या अगदी शेवटच्या कामावर सापडला होता. लिफ्टच्या खड्ड्यात, तेलकट चिंध्यांमध्ये. हत्यारांच्या पिशवीत पाने-पकडींवर निजवून त्यांनी त्याला घरी आणलं. चिमणीनं पिशवीत डोकावून विचारलं, "हे काय बोचकं आणलंत आता?" झालं, बारसं तिथंच उरकलं.

तिला कुत्रं नको होतं. ती घरातच पडदे शिवायची. पुढच्या खोलीत कापायचं मोठं टेबल, मशीन, भिंतीला टेकवलेल्या कापडाच्या गुंडाळ्या. पांढऱ्या कापडावर काळे केस म्हणजे गिऱ्हाइकाची कटकट ठरलेली. पण सासूबाईंच्या मागे आप्पा कुणाशी तरी मन मोकळं करून बोलले ते त्या पिल्लाशी, आणि ते तिनं दाराआडून ऐकलं होतं. मग तिनं तोंड मिटलं. टेबलाखाली यायचं नाही असा नियम तेवढा तिनं केला. बोचक्यानं तो पहिल्याच दिवशी मोडला. टेबलाखालच्या कात्रणांच्या ढिगात शेपटीत तोंड खुपसून तो असा काही गुंडाळून झोपायचा, की कुत्रं कुठलं आणि चिंध्या कुठल्या ते कळू नये.

आणि एक गोष्ट आधी सांगायला हवी. मागे एकदा बोचक्या लंगडायला लागला तेव्हा चिमणीनं हातातलं काम टाकून, टॅक्सी करून त्याला दवाखान्यात नेलं होतं. पाय मोडला असं तिनं रडवेल्या आवाजात सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी पंजा उचलला, बोटं फाकवली आणि कात्रीनं च्युइंगगम कापून काढलं. तेवढंच. आप्पांना जन्माचं खाद्य मिळालं. घरात कुणी साधं शिंकलं तरी ते म्हणायचे, "टॅक्सी बोलाव. च्युइंगगम असेल."

तर त्या रविवारी दुपारी आप्पांचे गुडघे अगदीच धरले होते, म्हणून बोचक्याला खाली फिरवायला चिमणी घेऊन गेली. फाटकाशी खालच्या मजल्यावरचे मास्तर त्यांच्या वजीरला घेऊन उभे होते. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाले. निम्मी वस्ती त्यांच्या हाताखाली गाडी शिकली होती. वजीर वासरासारखा थोराड. दोन्ही कुत्र्यांची ओळख जुनी. कधी भांडण नाही, कधी प्रेमही नाही.

नेमकं काय बिनसलं ते कुणालाच कळलं नाही. साखळीचा आकडा निसटल्याचा 'टक्' असा आवाज आला आणि दुसऱ्या क्षणी बोचक्या वजीरच्या जबड्यात होता. ओलं फडकं झटकावं तसं वजीरनं त्याला एकदा, दोनदा झटकलं. चिमणी ओरडली. मास्तर त्याहून मोठ्यानं ओरडले. वजीरनं तोंड उघडलं, बोचक्या खाली पडला, उठला, अंग झाडलं आणि कुणाकडे न बघता जिना चढून वर पळाला.

मास्तरांनी वजीरच्या मानेला मिठी घालून त्याला धरून ठेवलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण बोलणं चालूच. "काही नाही झालं वहिनी. बघा ना, पळतोय! आमच्याचा खेळ जरा दांडगा असतो एवढंच."

"याला खेळ म्हणता मास्तर?" एवढंच बोलून चिमणी जिन्याकडे धावली.

वर येऊन तिनं बोचक्याला टेबलावर, सरळ कापडावरच उभं केलं. आप्पा चष्मा आणि बॅटरी घेऊन आले. दोघांनी मिळून केसांत बोटं घालून त्याचं अंगन् अंग चाचपलं. मान ठीक. पोट ठीक. पाठीवर नुसती लाळ. डाव्या पुढच्या पायामागे, बरगड्यांवर, केसांचा एक झुपका ओला लागला. तिथं एक भोक होतं. दाताएवढं. त्यातून रक्ताचा एक थेंब आला आणि तिथंच थांबला.

"हे एवढंच?" आप्पांनी सुस्कारा सोडला. "मी म्हटलं फाडलं बिडलं की काय."

मिठाच्या पाण्यात स्वच्छ फडकं बुडवून चिमणीनं जखम पुसली. बोचक्यानं हूं की चूं केलं नाही. खाली उतरवल्यावर तो वाडग्याकडे गेला, लपलप पाणी प्यायला. शेपटीही हलवली, थोडीशी.

"बघ. पाणी प्यायला, चालला, शेपूट हलली," आप्पा म्हणाले. "कुत्र्याची जात चिवट असते. चाटून चाटून बरं करतात ती. उगाच हात लावत बसू नकोस."

"दाखवून आणावं का?"

"एवढ्याशा भोकाला? तुझ्या मशीनची सुई बोटात घुसते तेव्हा तू जातेस दवाखान्यात?"

ते खरं होतं. सुई घुसली की ती बोट तोंडात घालायची आणि पुढची शिवण घ्यायची.

"दुखत असेल त्याला," आप्पा म्हणाले. "माझी गुडघ्याची गोळी देऊ का अर्धी?"

"नको हो आप्पा. माणसांचं औषध कुत्र्याला द्यायचं नसतं म्हणतात. मी फोन करून विचारते."

फोन घेऊन ती गॅलरीत गेली. रविवारी पुलापलीकडचा एकच दवाखाना उघडा असायचा. बराच वेळ घंटा वाजली. मग कुणीतरी उचलला, "जरा थांबा हं," म्हणालं, मागे एक मांजर जीव तोडून ओरडत होतं, आणि फोन कटला. तिनं परत लावला. लाइन लागेना. खाली फाटकाशी मास्तर साखळीचा आकडा पुन्हा पुन्हा उघडून-मिटून बघत उभे होते.

ती आत आली तेव्हा आप्पा जमिनीवर बसले होते आणि बोचक्या त्यांच्या तळहातावरचा बिस्किटाचा चुरा चाटत होता.

"खाल्लं बघ!" आप्पा म्हणाले. "खाणारा जीव मरत नाही."

बिस्किट खाल्लेलं पाहून तिलाही जरा हायसं वाटलं. आपलं नेहमीचंच, तिनं स्वतःला बजावलं. राईचा पर्वत. दुसऱ्या दिवशी एका सभागृहाचे पडदे पोचवायचे होते. जाड मखमल, खाली अस्तर. ती मशीनवर बसली.

पण मन शिवणीवर लागेना. सरळ टीप मारायची आणि मान वळवून बघायचं. बोचक्या टेबलाखाली आला नव्हता. खोलीच्या मधोमध बसला होता. पुढचे पाय फाकवलेले, कोपरं अंगापासून दूर, मान पुढे ताणलेली. कात्रणांचा ढीग त्याच्या शेजारीच होता. तो ढिगाकडे बघायचा, बसकण मारायला वाकायचा, आणि पुन्हा ताठ व्हायचा.

"झोपत का नाही हा?" तिनं विचारलं.

"घाबरलाय. झोपेल." आप्पांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं होतं, पण पान मघापासून उलटलं नव्हतं.

"बोचक्या," तिनं हाक मारली.

त्यानं मान वळवली नाही. नुसते डोळे फिरवले.

ती मशीन सोडून उठली आणि त्याच्याजवळ फतकल मारून बसली. त्याचं पोट भराभर आत-बाहेर होत होतं. झोपेत स्वप्न पडल्यावर होतं तसं, पण हा जागा होता. तिनं भोकावर बोट ठेवलं नाही. त्याच्या बाजूनं, पाठीच्या दिशेनं हलकेच हात फिरवला. आणि तिचा हात थांबला.

कातडीखाली काहीतरी चुरचुरलं.

तिनं परत दाबलं. तेच. पातळ कापडाच्या आत कडक कागद ठेवून वरून बोट फिरवावं तसं. उजव्या बाजूला हात लावून पाहिला. तिकडे नुसतं मऊ, कोमट अंग. पुन्हा डावीकडे. चुर्र. आणि ते भोकाजवळच नव्हतं, चांगलं मानेपर्यंत गेलं होतं.

तिला टेबलावरची मखमल दिसली. बाहेरचं कापड खिळ्याला अडकून सुतभर फाटावं, आपण म्हणावं रफू करून भागेल, आणि उलटं करून बघावं तर आत अस्तर वीतभर उसवलेलं. कापड आणि अस्तर आपापल्या जागी वेगवेगळे सरकतात. झटका बसतो तो आतल्याला.

"आप्पा, इथं हात लावा."

"कशाला?"

"लावा तर."

आप्पांनी बसल्या जागेवरून वाकून हात लावला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण हात झटकन मागे घेतला. "वारा धरला असेल."

"मी याला घेऊन जाते."

"चिमणे, परत च्युइंगगम निघेल."

"निघू दे. हसा मग वर्षभर. मी जाते."

आप्पा उठले. गुडघे धरलेले असताना ते एवढ्या पटकन उठलेले तिनं पाहिले नव्हते. दारापर्यंत गेले आणि दारात उभे राहिले.

"चालू मशीन उघडायचं नाही," ते म्हणाले. "माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिली गोष्ट हीच शिकवायचो. चालतंय ना? आवाज करत का होईना, वर-खाली करतंय ना? मग हात लावायचा नाही. उघडलं की दहा गोष्टी निघतात."

"हे मशीन नाहीये आप्पा. आणि चालूही धड नाहीये. बघा कसा श्वास घेतोय तो."

"तिथं नेलं की सुया टोचतील. कापतील. तो घाबरूनच जाईल."

"इथं ठेवला तर?"

चिमणीनं मखमलीचा उरलेला तुकडा जमिनीवर पसरला आणि बोचक्याला अलगद त्यावर घेतलं. उचलताना त्यानं एक बारीक आवाज काढला. कुत्र्याचा वाटूच नये असा.

"तुझ्या सासूला पण असंच नेलं होतं." आप्पा दाराच्या चौकटीला धरून बोलत होते. आवाज चढलेला नव्हता. उलट खाली गेला होता. "दोन तपासण्या करू, संध्याकाळी घरी सोडू म्हणाले. स्वतःच्या पायांनी जिना उतरली ती. नव्या चपला घालून. आणि मी त्या चपला पिशवीत घालून परत आलो."

"मला माहीत आहे आप्पा. दार मीच उघडलं होतं तुम्हाला."

बोचक्याची जीभ बाहेर आली होती आणि तिचा रंग चिमणीला आवडला नाही. नेहमीची गुलाबी नव्हती. धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी झाली होती.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. सासऱ्यांशी ती असं कधी बोलली नव्हती. "नाहीतर याच्यासकट ढकलून जाईन. अंगात आहे तेवढी ताकद, तुम्हाला ठाऊक आहे."

आप्पा बाजूला झाले. पण बरोबर आले नाहीत.

जिना उतरताना तिनं टॅक्सीचा विचार केला आणि त्याच वेळी ध्यानात आलं, फोन वर मशीनपाशीच राहिला. परत चढायचं म्हणजे पुन्हा तो दरवाजा. तिनं खालच्या मजल्यावरचं दार लाथेनं वाजवलं. हात मोकळे नव्हते.

मास्तरांनी दार उघडलं. आतल्या खोलीत वजीर भुंकला. तिच्या हातांतला बोचक्या थरथरला.

"गाडी काढा," चिमणी म्हणाली.

"अहो पण मघाशी तर चांगला—"

"मास्तर, भांडायचं ते नंतर भांडू. तुमची चूक, आमची चूक, सगळं नंतर. आता गाडी काढा."

मास्तरांनी एकदा बोचक्याकडे पाहिलं, आणि चप्पल न घालताच किल्ली घेऊन निघाले.

ती शिकवणीची गाडी होती. छपरावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक. चिमणी तिच्या लांब टांगा दुमडून, बोचक्याला छातीशी धरून तिथं कशीबशी मावली. मास्तर आयुष्यभर लोकांना सावकाश चालवायला शिकवत आलेले. घाईतही हात सवयीनंच चालायचे. आरसा बघ, इशारा दे, मग वळ.

"जरा पटपट हाणा ना हो!"

"हाणतोय की!" आणि गाडी गचकन थांबली. मागचा भोंगा केकाटला. "वहिनी, पाय! पाय काढा तुमचा! ब्रेक आहे तो!"

तिनं पाय आखडले. पुलावर गाड्यांची रांग लागली होती. बोचक्यानं तोंड तिच्या कोपरात खुपसलं होतं आणि त्याचा प्रत्येक श्वास तिला दंडावर गरम लागत होता. मधे एकदा तो लागला नाही. मग लागला.

"आहे ना?" मास्तरांनी समोर बघतच विचारलं.

"आहे."

"वजीर असा नाहीये हो," मास्तर म्हणाले. त्यांचे हात स्टिअरिंगवर ओले झाले होते. ते सारखे विजारीला पुसत होते. "मी आकडा बदलायला हवा होता. परवाच दिसलं होतं मला, ढिला झालाय म्हणून. म्हटलं, चालतोय तोवर चालू दे."

रांग पुढे सरकली. मास्तरांनी त्यांच्या जन्मात पहिल्यांदा डावीकडून गाडी घातली आणि एका दुधाच्या गाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

दवाखान्यात बाकांवर बरीच माणसं होती, पण डॉक्टरीणबाई दारातून नुसत्या डोकावल्या आणि त्यांनी चिमणीला सरळ आत बोलावलं. वयानं त्या लहानच होत्या. केस वर कसेतरी अडकवलेले, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. त्यांनी बोचक्याचा ओठ उचलून हिरडी दाबली, छातीला स्टेथोस्कोप लावला, मग जिथं चिमणीला चुरचुर लागली होती तिथंच हात ठेवला.

"कधीपासून?"

"दुपारी चावला. मोठा कुत्रा. धरून झटकलं त्यानं. हे हाताला लागलं आत्ता, निघायच्या आधी. बाहेरून तर काहीच दिसत नव्हतं."

"नसतंच दिसत. दात एका जागी घुसतो आणि आत भलतीकडे फिरतो." बोलता बोलता त्यांनी केस भादरले, भोकावर ओली पट्टी ठेवली, छातीचा फोटो काढायला घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचं चालणं जास्तच झपाझप झालं होतं. "छातीत हवा शिरलीय. फुप्फुसाला फुगायला जागा उरलेली नाही. एक बरगडीही मोडलीय. आधी सुईनं हवा काढते, म्हणजे श्वास घेता येईल. मग गुंगी देऊन उघडावं लागेल. वाचेलच असं नाही सांगत मी. पण असाच ठेवला तर वाचणार नाही, हे सांगते. काय करू?"

कुत्रं आप्पांचं. विचारायला हवं होतं. चिमणीनं फोनसाठी खिशात हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. आप्पांचा नंबर? तो फोनमध्ये होता. पाठ कधी केलाच नव्हता. मास्तरांकडेही नव्हता.

"करा," ती म्हणाली.

"औषध काही दिलंय का? घरातलं, माणसांचं? दुखण्याची गोळी वगैरे?"

"नाही. नुसतं मिठाचं पाणी."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि दार ओढून घेतलं.

बाहेर बाकावर चिमणी आणि मास्तर शेजारी शेजारी बसले. तिच्या मांडीवर मखमलीचा तुकडा होता, त्यावर काळे केस. ती ते एकेक करून वेचत बसली. समोरच्या भिंतीवर एका हसऱ्या कुत्र्याचं चित्र होतं, त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात बाहेर टॅक्सीचं दार आपटलं आणि आप्पा आत आले. एका पायात घरातली सपाता, दुसऱ्यात बाहेरची चप्पल. श्वास लागलेला. दवाखान्याचा उंबरा ओलांडताना ते क्षणभर अडखळले. तिथला औषधांचा वास त्यांच्या नाकात गेला असावा. भिंतीला हात लावून ते उभे राहिले. मग पुढे आले.

"डॉक्टर कुठायत?"

"आत आहेत. आप्पा, तुम्ही कसे—"

"मी गोळी दिली त्याला." आप्पा तिच्याकडे बघत नव्हते. "तू फोनवर होतीस तेव्हा. अर्धी. बिस्किटात घालून. तू गेल्यावर आठवलं, तिथं विचारतील, आणि तू नाही म्हणून सांगशील. फोन केला तर तुझा फोन मशीनवर वाजायला लागला."

चिमणी उठली. तिच्या मनात आलं ते बोलली असती तर त्या घरात पुढे राहणं कठीण झालं असतं. तिनं आप्पांचं मनगट धरलं आणि त्यांना जवळजवळ ओढत आतल्या दाराशी नेलं. मुठीनं दार ठोठावलं.

डॉक्टरीणबाईंनी दार किलकिलं केलं. हातात मोजे, एका हातात भरलेली सुई.

"सांगा," चिमणी म्हणाली.

आप्पांनी सांगितलं. गोळीचं नाव, केवढी दिली, कशात दिली. खिशातून गोळ्यांची पट्टीच काढून दाखवली. ती आणायची मात्र ते विसरले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी पट्टी वाचली, हातातली सुई बाजूच्या ताटलीत ठेवली आणि आत कुणाला तरी म्हणाल्या, "ते नको. दुसरं भर. आणि सलाइन वाढव." मग आप्पांकडे वळल्या. आप्पांनी मान खाली घातली होती, आता बोलणी बसणार या तयारीत.

"मी याच जातीचं औषध देणार होते," त्या म्हणाल्या. "दोन्ही मिळून मूत्रपिंडाला जड गेलं असतं. कदाचित आतून रक्तही सुटलं असतं. बरं झालं आलात. पुन्हा मात्र देऊ नका." आणि दार लागलं.

तिघं बाकावर बसले. मग चिमणीच्या तोंडून निघालं, "मी नको म्हटलं होतं."

"हो."

"स्पष्ट म्हटलं होतं आप्पा."

"हो ग. दुखत होतं त्याला. मला बघवेना." आप्पा दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवून बसले होते. "आणि गोळीनं बरं वाटलं असतं तर इथं यावंच लागलं नसतं, असंही होतं डोक्यात. खोटं कशाला बोलू?"

तिचा राग गेला नाही. पण ज्या माणसानं सासूबाईंच्या मागे दवाखान्याच्या रस्त्यावरून जायचंसुद्धा टाळलं होतं, आजारी नातेवाइकांना भेटायला जायची वेळ आली तरी फाटकाबाहेरच थांबला होता, तो आता तिच्या शेजारी बसला होता, घामानं निथळत. तिनं मखमलीचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यानंच कपाळ पुसलं.

मास्तर उठून गेले आणि तिघांसाठी चहा घेऊन आले. आप्पांनी कप घेतला नाही. मास्तर तसाच पुढे धरून उभे राहिले, अनवाणी. शेवटी आप्पा म्हणाले, "चप्पल कुठाय तुमची?"

"राहिली घरी."

"माझीही एक राहिलीय," आप्पा म्हणाले आणि कप घेतला.

दार उघडेपर्यंत खिडकीतलं ऊन बाकावरून सरकत पार भिंतीवर चढलं होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी मोजे काढले, आणि आधी पाणी मागितलं. त्या पाणी पिईपर्यंतचा वेळ चिमणीला सगळ्या दुपारपेक्षा मोठा वाटला.

"शिवलंय," त्या म्हणाल्या. "कातडीवरचं भोक एवढंसं, आत स्नायू पार उसवले होते. फुप्फुसाला थोडं लागलंय, पण भरून येईल. छातीत नळी ठेवलीय. आजची रात्र आणि उद्याचा दिवस जड आहे. तो पार पडला तर मी हसून बोलेन तुमच्याशी. आज नाही."

"बघता येईल?" आप्पांनी विचारलं.

"गुंगीत आहे. ओळखणार नाही."

"न ओळखू दे."

आत पिंजऱ्यात बोचक्या एका कुशीवर पडला होता. अर्धं अंग भादरलेलं, गुलाबी, पट्टीतून नळी बाहेर आलेली. एवढा लहान तो पिशवीतून घरी आला तेव्हाही दिसला नव्हता. आप्पा खाली बसले, गुडघ्यांचा कडकड आवाज चिमणीला ऐकू आला, आणि त्यांनी सळ्यांतून एक बोट आत घालून त्याच्या पंजाला टेकवलं. चिमणी मागे उभी राहिली. बोचक्याचं पोट सावकाश वर येत होतं, सावकाश खाली जात होतं. ती त्याच्याबरोबर श्वास घेत राहिली.

दवाखाना बंद व्हायच्या वेळी तिला आप्पांना उठवायला दोन्ही हात लावावे लागले.

बोचक्या वाचला. लगेच नाही, मधे एकदा ताप चढला, एकदा नळी तुंबली, आणि डॉक्टरीणबाई हसून बोलल्या त्याला बरेच दिवस लागले. सभागृहाचे पडदे उशिरा पोचले आणि चिमणीनं गिऱ्हाइकाची बोलणी मुकाट्यानं ऐकून घेतली. मास्तरांनी नवी साखळी आणली, वजीरच्या तोंडाला जाळी बसवली, आणि दवाखान्याच्या खेपांना गाडी स्वतःहून काढली. चिमणीनं त्यांना माफ केलं का, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण गाडीत बसताना ती आता पाय आखडूनच बसायची.

पट्टी बदलायला बोचक्याला न्यायचं काम आप्पांनी आपल्याकडे घेतलं. पहिल्या खेपेला ते दारातच घुटमळले. नंतर नंतर बाकावर त्यांची ठरलेली जागा झाली, आणि कुणाच्या मांजराला काय झालंय, कुणाच्या पोपटानं पिसं का उपटलीत, ते सगळं रोज घरी चिमणीला ऐकावं लागायचं.

एकदा ती बरोबर गेली होती. शेजारच्या बाई मांडीवर एक म्हातारं कुत्रं घेऊन बसल्या होत्या. काचेवर पाय पडला होता म्हणाल्या, रक्त तर थांबलंय, चालतंयही, मी आपली उगाचच आले की काय. आप्पांकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं हो काका? दाखवायची गरज आहे का?"

आप्पांनी चष्मा वर सरकवला, वाकून पंजा नीट बघितला, अगदी जाणत्यासारखा. चिमणीला वाटलं, आता हे काहीतरी सांगणार.

"मला त्यातलं काही कळत नाही बाई," आप्पा म्हणाले. "आलाच आहात तर आत दाखवूनच जा. आमच्याआधी जा हवं तर, आम्ही बसलोय."